पाणबुडीनं नेलान त्याला

माणसं कशी गेली हे सांगायची आमच्या आजीची एक ठरलेली रीत होती. अमक्याला तापानं नेलान. तमकीला बाळंतपणानं नेलान. वरच्या आळीतल्या कुणाला फुरशानं नेलान. आणि तिच्या थोरल्या भावाला पाणबुडीनं नेलान.

मे महिन्यात हर्णैला गेलो की रात्री पडवीत झोपायचं. समोर काळोखात सुवर्णदुर्ग. मला पाणबुडी हे समुद्रातलं जनावर वाटायचं. मुशी असते, वाघळी असते, तशी पाणबुडी. ती भरतीबरोबर किनाऱ्याला लागत असेल आणि माणूस घेऊन ओहोटीला परत जात असेल, अशी माझी पक्की समजूत होती. आजीचीही समजूत फार वेगळी नसावी. तिनं तो शब्द पहिल्यांदा ऐकला तो एका सरकारी कागदातून. कागद इंग्रजीत होता, गावच्या मास्तरांनी वाचून दाखवला. ती तेव्हा चौदा वर्षांची होती आणि भाऊ बावीस. साल १९४२.

तो बी.आय.च्या बोटीवर खलाशी होता. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन हे लांबलचक नाव कोकणात कुणी घेत नसे, बी.आय. म्हटलं की पुरे. रत्नागिरी जिल्ह्यातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर जात आली. डेकवर आपल्याकडचे खलाशी, त्यांच्यावर टंडेल, त्याच्यावर सारंग. भटारखान्यात आणि जेवणाच्या टेबलांवर गोव्याची माणसं. लढाई साहेबाची, पण कोळसा, धान्य, दारूगोळा आणि माणसं वाहणाऱ्या बोटी चालवायला हीच मंडळी. मुंबईत मस्जिद बंदरजवळ पी. डिमेलो रोडवर इंडियन सेलर्स होमची इमारत आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून जास्त हिंदी खलाशांचं स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या अशा माणसांची नावं वहीत आहेत, ती सहा हजारांच्या वर आहेत. त्या रस्त्यावरून मी वर्षानुवर्षं बसने गेलो आणि आत काय आहे हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. आजीला तर कधीच कुणी सांगितलं नाही.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. माझे वडील माझगाव डॉकमध्ये वेल्डर होते. १९८४ साली तिथे पाणबुडीचं काम सुरू झालं. जर्मनीतल्या कीलच्या कारखान्याबरोबर करार झाला होता. शिशुमार आणि शंकुश या दोन पाणबुड्या तिकडे बांधून यायच्या आणि शल्की व शंकुल माझगावला बांधायच्या. भारतात तोवर कुणी पाणबुडी बांधली नव्हती. बाबांना त्या कामावर घेतलं तेव्हा त्यांचा पगार वाढला नाही, पण चाल बदलली. हे मला आईनं पुढे सांगितलं.

पाणबुडीचं मुख्य अंग म्हणजे प्रेशर हल. जाड पोलादाच्या प्लेटा वाकवून गोल कडी करायची, कडीला कडी जोडत जायची. त्या जोडावर सगळ्यांचा जीव. बाबा मला जेवणाच्या ताटावर बोटानं दाखवायचे. दर दहा मीटर खाली गेलं की आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेचं जेवढं ओझं, तेवढं आणखी एकदा चढतं. शंभर मीटरवर तळहाताएवढ्या जागेवर जवळजवळ टनभर भार. म्हणून प्लेट आधी ठरावीक तापमानाला तापवून घ्यायची, मगच वेल्ड मारायचा. इलेक्ट्रोडला दमट हवा लागता कामा नये. मुंबईच्या पावसाळ्यात ते भट्टीत कोरडे ठेवायचे आणि हातात लागतील तेवढेच बाहेर काढायचे. नंतर प्रत्येक जोडाचा एक्स-रे. आत केसाएवढी पोकळी दिसली तरी तो भाग खरवडून पुन्हा. बाबा घरी आल्यावर आईचा पहिला प्रश्न असायचा, "एक्स-रे?" आणि ते नुसती मान हलवायचे. कुठल्या बाजूला हलली त्यावर संध्याकाळ ठरायची.

३० सप्टेंबर १९८९ला शल्की पाण्यात उतरली. मी तेरा वर्षांचा होतो. बाबा पेढे घेऊन आले. आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली होती, हिरवी पट्टी लावून भिंतीला टेकून बसली होती. बाबांनी पेढा तिच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "आये, आपली बोट उतरली पाण्यात."

तिनं पेढा खाल्ला नाही. हातात धरून ठेवला. विचारलं, "पाणबुडी ना ती?"

"हो."

"किती माणसं बसतात?"

"चाळीसेक."

"आणि बुडली तर?"

या प्रश्नावर बाबांचा चेहरा खुलला. त्या बोटीची हीच तर थोरवी होती. शल्कीच्या मधोमध पोलादाचा एक गोळा बसवलेला आहे. खाली काही झालं तर सगळ्या माणसांनी त्यात शिरायचं, दार लावायचं आणि गोळा सुटून वर येतो. एक नाही, दोन नाही, सगळीच्या सगळी माणसं. बाबांनी हे तिला दोन हातांनी फुगा करून दाखवलं. तिला पट्टीतून दिसत नव्हतं, तरी दाखवलं.

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि वरच्यांना?"

बाबांना कळलंच नाही. मलाही नाही. आईनं विषय बदलला. बरंच नंतर एका फोटोमुळे मला तो प्रश्न कळला.

तो फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. जपानी पाणबुडीच्या डेकवर खलाशी आणि अधिकारी रांगा करून बसलेत आणि पुढच्या रांगेत, डावीकडून दुसरे, सुभाषबाबू. तारीख २८ एप्रिल १९४३. जागा हिंदी महासागर, मादागास्करच्या आग्नेयेला. पाणबुडीचं नाव आय-२९.

शाळेत हा प्रवास आमच्या सरांनी असा रंगवून सांगितला होता की घंटा झाली तरी कुणी उठलं नव्हतं. मागे पत्नी एमिली आणि अडीच महिन्यांची मुलगी अनिता यांना ठेवून नेताजी बर्लिनहून कीलला आले. हो, तेच कील. ९ फेब्रुवारी १९४३ला यू-१८० ही जर्मन पाणबुडी त्यांना घेऊन निघाली. बरोबर एकच भारतीय, आबिद हसन. हे दोघे नॉर्वेला निघालेले इंजिनीअर आहेत, असं खलाशांना सांगितलं होतं. उत्तर समुद्रातून, आइसलंडच्या खालून, संपूर्ण अटलांटिक उभा कापत, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून पाणबुडी इकडे आली. आत डिझेलचा वास एवढा की पावालाही तोच वास. आबिद हसननी कुठूनशी डाळ-तांदळाची पिशवी शोधून काढली आणि खिचडी शिजवली. नेताजी जर्मन अधिकाऱ्यांनाही वाढत सुटले, तेव्हा ही पुरायची कशी याची आबिदना काळजी पडली. दिवसरात्र लिहिणं चालू. पुढे स्त्रियांची पलटण उभी राहिली, तिचा विचार त्या पोलादी नळीत बसून पक्का होत होता. एकदा पाणबुडी संकटात सापडली, सगळे जीव मुठीत धरून बसले, तेव्हाही नेताजी मजकूर सांगत राहिले आणि दोनदा सांगूनही तो उतरवून का घेतला नाही असं आबिदना विचारलं, ही आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. मग ठरलेल्या जागी जपानी पाणबुडी भेटली. समुद्र खवळलेला होता म्हणून दोन्ही बोटी दोन दिवस सोबत चालत राहिल्या. शेवटी रबरी तराफ्यावरून, लाटांनी भिजत, दोघे या बोटीतून त्या बोटीत गेले. युद्धाच्या ऐन भरात, समुद्राच्या मधोमध, एका देशाच्या पाणबुडीनं दुसऱ्या देशाच्या पाणबुडीच्या हवाली केलेला हा पाहुणा. जपान्यांनी पेनांगहून मसाले आणले होते. त्यांनी आपली केबिन रिकामी करून दिली आणि करी रांधून वाढली. मेच्या सुरुवातीला बोट सुमात्राच्या टोकाशी साबांगला लागली. दोन महिन्यांत सिंगापूरला आझाद हिंद फौज नेताजींच्या हाती आली.

पाणबुडी नसती तर हे घडलं नसतं. जमीन, आकाश, समुद्राचा पृष्ठभाग, सगळीकडे इंग्रजांचा पहारा होता. पाण्याखालची वाट तेवढी मोकळी होती. इतिहासावर पाणबुडीचा परिणाम काय, असं कुणी विचारलं की अमेरिकेला पहिल्या महायुद्धात ओढणाऱ्या जर्मन पाणबुड्यांचं उदाहरण देतात. ते बरोबरच आहे. माझ्यासाठी मात्र ती तराफ्यावरची पाच-दहा मिनिटं मोठी.

आणि मग मी आय-२९चा मागचा प्रवास वाचला.

२० नोव्हेंबर १९४२ला मुंबईहून एक बोट सुटली. तिलावा. बी.आय.ची. मोंबासा, मापुतो, दरबान असा मार्ग. बोटीवर ९५८ माणसं. बरेचसे गुजराती, आफ्रिकेत दुकानं थाटलेले किंवा थाटायला निघालेले, कुणी बायकोमुलांना घेऊन, कुणी नवऱ्याकडे निघालेल्या. तीन दिवसांनी, २३ तारखेला, रात्री दोनच्या सुमाराला पहिला टॉर्पेडो लागला. माणसं झोपेतून उठून होड्यांकडे धावली, अंधारात होड्या उलटल्या. बोट लगेच बुडाली नाही. तरंगते आहे असं पाहून काही जण परत वर चढले. मग दुसरा टॉर्पेडो आला. दोन दिवस लोक होड्यांत, फळ्यांवर, पाण्यात. बर्मिंगहॅम ही ब्रिटिश युद्धनौका पोचली, तिनं बहुतेकांना उचललं. ६७८ वाचले. २८० गेले.

टॉर्पेडो मारणारी पाणबुडी आय-२९ होती. कप्तानही तोच, इझू. पाच महिन्यांनी ज्याच्या बोटीवर नेताजींनी पाऊल ठेवलं.

हे वाचलं त्या रात्री मी फोटो पुन्हा काढून बसलो. त्या रांगांतली माणसं एकेक करून पाहिली. नेताजींविषयीचा माझ्या मनातला मान तसूभरही कमी झालेला नाही. करीच्या त्या जेवणात तिलावाचा विषय कुणी काढला असेल असं मला वाटत नाही. युद्धात असे विषय निघत नाहीत. पण एवढं आता माझ्यानं विसरवत नाही की आपल्या स्वातंत्र्याचा एक पाहुणा आणि आपली २८० माणसं यांच्या मधे एकाच पोलादाची भिंत होती. तो आत होता, ती बाहेर. आतल्याची गोष्ट आमच्या सरांना तोंडपाठ होती. बाहेरच्यांची मी पंचेचाळिशीत पहिल्यांदा वाचली, तीही मुंबईत राहून, जिथून ती बोट सुटली त्या धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

तिलावावर दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी निघालेली चांदीही होती, सुमारे ६० टन, दोन हजारांहून जास्त विटा. २०१७ साली समुद्राच्या तळातून, अडीच किलोमीटर खोलीवरून, ती वर काढली. मालकी कुणाची यावर इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला आणि २०२४ साली निकाल लागला. विटेविटेचा हिशेब झाला. २०२२ मध्ये घटनेला ८० वर्षं झाली तेव्हा काही कुटुंबांनी खटपट करून मुंबईत बुडालेल्यांची आठवण जागवली, नाहीतर तेवढंही नव्हतं.

आजीचा भाऊ तिलावावर होता का? साल तेच, कंपनी तीच. पण त्या वर्षी बी.आय.च्या पुष्कळ बोटी बुडाल्या आणि आमच्या घरात तो नुसता दादा होता. मला तो तिलावावर ठेवायचा मोह होतो, तो मी आवरतो.

जगभर पाणबुडीच्या गोष्टी आतूनच सांगितल्या जातात, असं मला वाटायला लागलंय. वाचक नेहमी आतल्या माणसांबरोबर घामाघूम होतो, वरून डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, पडताना त्यांच्याबरोबर श्वास रोखतो. अमेरिकेतली हन्ली घ्या. १७ फेब्रुवारी १८६४ला चार्ल्स्टनजवळ तिनं हाउसाटॉनिक ही युद्धनौका बुडवली. पाणबुडीनं युद्धनौका बुडवल्याची ती जगातली पहिली घटना, आणि हन्ली स्वतःही परत आली नाही. २००० साली तिला वर काढलं. आत कप्तान डिक्सनजवळ एक वाकलेलं सोन्याचं नाणं सापडलं. आधीच्या लढाईत बंदुकीची गोळी त्या नाण्यावर बसून तो वाचला होता, म्हणून त्यानं त्यावर अक्षरं कोरून घेतली होती. ते नाणं आज जगप्रसिद्ध आहे. २००४ साली हन्लीच्या खलाशांना हजारो लोकांच्या साक्षीनं मूठमाती दिली, ते योग्यच झालं. पण हाउसाटॉनिकवरही पाच माणसं मेली होती. त्यांच्या खिशात काय होतं?

याला एक अपवाद मला आठवतो, आणि तो सगळ्यात जुन्यांपैकी आहे. ज्यूल व्हर्नचा कॅप्टन निमो. मूळ कादंबरी १८७०ची. तो कोण, कुठला, हे व्हर्ननं १८७५च्या दुसऱ्या कादंबरीत उघड केलं: बुंदेलखंडातला राजपुत्र डक्कार, सत्तावन्नच्या बंडात इंग्रजांशी लढलेला, ज्याचं घरदार त्यात गेलं. हे मला लहानपणी कळलं असतं तर मी गावभर सांगत सुटलो असतो. पहिल्या कादंबरीच्या शेवटाकडे निमो एका युद्धनौकेला धडक देऊन बुडवतो. व्हर्ननं नॉटिलसला, निमोच्या पाणबुडीला, मोठी काचेची खिडकी दिली आहे. त्या खिडकीतून बुडणारी बोट दिसते, शिडांच्या दोरांवर चढणारी, पाण्यात हात मारणारी माणसं दिसतात, एखादं वारूळ पाण्यात जावं तशी. निमो सगळं शेवटपर्यंत बघतो. मग खोलीत जाऊन एका बाईच्या आणि दोन मुलांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून रडतो.

खऱ्या पाणबुडीला खिडकी नसते.

काही वर्षांपूर्वी बाबांना विशाखापट्टणमला घेऊन गेलो. तिथे समुद्रकिनाऱ्यावर कुरसुरा ही आपल्या नौदलाची जुनी पाणबुडी ठेवली आहे. १९६९ साली सोव्हिएत युनियनमध्ये नौदलात दाखल झालेली, एकतीस वर्षं चाललेली, २००२ पासून वाळूजवळ उभी. ९१ मीटर लांब. दाखवायला नौदलातून निवृत्त झालेले पाणबुडी-खलाशीच असतात. बाबांचे गुडघे तेव्हा सत्तरीला आले होते. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायची दारं गोल आणि बुटकी, पाय आधी टाकायचा, मग डोकं वाकवून अंग ओढून घ्यायचं. मी हात द्यायला गेलो तर त्यांनी झटकला आणि दाराच्या कडेला धरून असे आत गेले की जणू रोजचं येणं-जाणं. पुढच्या कप्प्यात टॉर्पेडोंच्या शेजारी झोपायचे अरुंद बाक. भिंतीला पाइप, झडपा, तारा, इंचभर जागा मोकळी नाही. बाबा काही बघत नव्हते. जोडावरून बोट फिरवत चालले होते.

दाखवणाऱ्या गृहस्थांनी ते हेरलं. "आप डॉक में थे?" त्यांनी विचारलं. बाबांनी शल्कीचं नाव सांगितलं, मग दोघे पुढे आणि आम्ही बाकीचे मागे. पेरिस्कोपपाशी बाबांनी विचारलं की यातून नेमकं दिसतं काय. त्या माणसानं अंगठा आणि तर्जनी जोडून वाटोळं केलं आणि डोळ्यासमोर धरलं. एवढं. पाण्याची रेघ आणि तिच्यावर एखादी आकृती. आकृती किती लांब, कुठल्या दिशेला, किती वेगानं चाललीय, हे काढायचं.

"माणसं दिसतात?" बाबांनी विचारलं.

तो माणूस जरा थांबला. "टाइम नहीं होता," म्हणाला.

बाहेर आलो. त्याच किनाऱ्यावर १९७१च्या विजयाचं स्मारक आहे. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी ही पाकिस्तानी पाणबुडी समोरच्या पाण्यात बुडाली. आपल्या विक्रांत या विमानवाहू नौकेच्या शोधात आली होती. आतली नव्वदांहून जास्त माणसं तिथेच आहेत. पाच दिवसांनी, ९ तारखेला, दीवजवळ हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीनं आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, कप्तान महेंद्रनाथ मुल्लाही बोटीबरोबर गेले. बाबा समुद्राकडे बघत बराच वेळ उभे राहिले. गाझीला असा गोळा होता का, असं त्यांनी मला विचारलं. नव्हता. ती जुनी अमेरिकन बोट, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची.

माझगावला काम थांबलेलं नाही. २०१७ ते २०२५ या काळात तिथून सहा पाणबुड्या नौदलात गेल्या. त्यातल्या खांदेरीचं नाव ऐकून बाबांना विशेष आनंद झाला होता. थळच्या समोरचं बेट, १६७९ साली शिवाजी महाराजांनी इंग्रज आणि सिद्दी दोघांच्या नाकावर टिच्चून तटबंदी घातलेलं. देशाला पाणबुड्या लागतात, चांगल्या लागतात, त्यांचे जोड पक्के लागतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बाबांच्या हातांचा मला अभिमान आहे. आजीचा प्रश्न मात्र तसाच राहिलाय, आणि शल्कीतल्या त्या गोळ्याइतकी अक्कल खर्च करून त्याचं उत्तर कुणी शोधल्याचं मला दिसलेलं नाही.

गेल्या दिवाळीत बाबांना आय-२९चा फोटो मोबाइलवर मोठा करून दाखवला. आधी नेताजी दाखवले. मग तिलावाचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग त्या बोटीचं पुढे काय झालं तेही सांगितलं. पुढच्या वर्षी ती पार फ्रान्सपर्यंत जाऊन आली, जेट आणि रॉकेट विमानांचे आराखडे घेऊन जपानकडे परतत होती. अमेरिकनांनी तिचे संदेश फोडले होते. २६ जुलै १९४४ला फिलिपाइन्सच्या उत्तरेला सॉफिश ही अमेरिकन पाणबुडी तिची वाट बघत होती. आय-२९वरचा एक माणूस वाचला. यू-१८०सुद्धा त्याच ऑगस्टमध्ये गेली, सगळ्यांसकट.

"एकच?" बाबांनी विचारलं.

"एकच. पोहत किनाऱ्याला लागला."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि बोटानं रांगा मोजायला लागले. पहिली, दुसरी, मागची. मधेच चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग मोबाइल माझ्या हातात दिला.

"सगळी पोरंच आहेत रे," म्हणाले.